लाल दोऱ्याची पाटी

कळव्याला आमच्या घरमालकिणीने माझा नवाकोरा मोबाईल हातातून हिसकावून तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत खुपसला, तेव्हा तिच्याकडे भाड्याने राहायला येऊन आम्हाला धड आठवडाही झाला नव्हता. मी आ वासून उभी. नवरा शेजारी, तोही आ वासून. आणि ही बाई हाताला लागलेला तांदळाचा भुगा लुगड्याला पुसत आम्हाला विचारते, "चा घेशाल ना?"

माझा गुन्हा काय, तर तिने एका जुनाट कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर स्वतःच्या बोकडाचा फोटो दाखवला, आणि मी कौतुकाने, खरंच कौतुकाने, त्या पडद्याचा फोटो काढायला मोबाईल वर केला.

"फोटोचा फोटो काडतेस गो? ज्या मशिनीत जलमला त्याच मशिनीत बगाचा. देवानं डोलं दिलंन ना तुना?"

जिना चढता चढता मी नवऱ्याला म्हटलं, उद्याच दुसरी जागा बघ. बाई डोक्याने गेलेली आहे. तो हो म्हणाला आणि नेहमीप्रमाणे काही केलं नाही. म्हणून तर हे सगळं सांगायला मिळतंय.

तिला सगळं गावठाण आत्या म्हणायचं. लग्नानंतर ती माहेर सोडून गेलीच नाही, नवराच इकडे राहायला आला, त्यामुळे आळीतल्या दोन-तीन पिढ्यांची ती आत्याच. त्यांच्या घराण्याची एकेकाळी मिठागरं होती, खाडीलगत भातशेती होती. मग त्या जमिनींवर इमारती उठल्या आणि भावकीत प्रत्येकाच्या दारात मोठी गाडी आली. आत्याच्या दारात कॅमेरे आले. उंच, काळीसावळी बाई, गुडघ्याशी घट्ट कासोटा मारलेलं लुगडं, गळ्यात मूठ-मूठ सोनं आणि त्या सोन्यावर लोंबकळणारा एक करडा ठोकळा. तो ठोकळा म्हणजे फ्लॉपीवर फोटो काढणारा कॅमेरा. फ्लॉपी आठवते ना? कंप्युटर क्लासला जाताना शर्टाच्या खिशात मिरवायची ती काळी चौकोनी चपटी वस्तू. कॅमेऱ्याच्या कुशीतलं दार उघडायचं, ती आत सरकवायची, बटण दाबायचं, आणि मग तो ठोकळा पोटात मुरडा आल्यासारखा खर्र खर्र करत बसायचा. एका फ्लॉपीवर मूठभर फोटो, तेही धुरकट. आत्या तिला पाटी म्हणायची. "दोन नव्या पाट्या आनल्या," असं ती अशा थाटात सांगायची की माणसाला वाटावं, बाजारातून पापलेटं आणली.

या पाट्या आजच्या काळात मिळतात कुठे, हे मी तिला एकदा विचारलं. तर म्हणे उल्हासनगरला भरतकामाच्या कारखान्यात. तिथली जुनी मशीनं अजून फ्लॉपीवरून नक्षी वाचतात. ही बाई सोन्यानाण्यासकट रिक्षात बसून तिकडे जायची आणि त्या कारागिरांना घरची सुकट देऊन फ्लॉप्या घेऊन यायची. मला हे ऐकून हसावं की काय करावं कळेना.

आणि कॅमेरे तरी एक-दोन असावेत? कल्याणच्या भंगारवाल्यांना तिने सांगून ठेवलं होतं, जुना डिजिटल कॅमेरा आला की फोडायचा नाही, मला फोन करायचा. एकाचं कार्ड पापडासारखं पातळ, एकाचं नखाएवढं, एक कॅमेरा तर पुरीएवढ्या सीडीवर फोटो कोरायचा. कोणाचं कार्ड जगात कुठे मिळत नाही, कोणाची बॅटरी मेलेली, कोणाच्या भिंगात बुरशी. आत्या ओट्यावर पाय पसरून बसायची आणि एकेकाला जिवंत करायची. कार्डाचे पितळी दात शाळेच्या खोडरबराने घासायची. ओल लागलेली कार्डं फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायची. "मिठावरची मान्सं आमी. ओल कुटून शिरते ता आमाला नको शिकवू," म्हणायची. जेवायला बसलं की कधी कधी भातात... जाऊ दे, सांगत नाही. एकदाच झालं आणि कार्ड धुऊन परत चाललंही.

तिच्या नियमांचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. ती फोटो काढून द्यायची सगळ्यांना. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाची नवी रिक्षा असो, आत्या ठोकळा घेऊन हजर. पण फोटो कागदावर नाही, मोबाईलवर नाही. पाटी भरली की ती त्या घरच्यांच्या हातात द्यायची. "पाटी तुमची, मशीन माजी. बगाचा असल तवा या." आता घरात फ्लॉपी घेऊन माणसं करणार काय? कोणाकडे ती वाचायचं यंत्र नाही. मग यायची बिचारी, ओट्यावर ओळीने बसायची, त्या काडेपेटीएवढ्या पडद्यात आळीपाळीने डोकं घालायची. सातव्या मजल्यावर फ्लॅट असलेली, परदेशातून सुट्टीला आलेली पोरंसुद्धा. मी नवऱ्याला म्हणायचे, ही शुद्ध दादागिरी आहे. तो म्हणायचा, असेल, पण तिच्याकडे माणसं किती येतात बघ.

तिच्या भाच्याच्या हळदीला मात्र कहर झाला. यांच्या हळदी कशा असतात ते कळव्या-ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. डीजे, मंडप, हजार माणूस, वर ड्रोन घिरट्या घालतोय, आणि दोन फोटोग्राफर घामाघूम. मध्येच आत्या पाटावर बसलेल्या नवऱ्यामुलासमोर जाऊन उभी. हात वर केला, डीजे बंद. अख्खा मंडप गप्प. तिने बटण दाबलं. खर्रर्र... त्या शांततेत तेवढाच आवाज. फोटोग्राफर एकमेकांकडे बघतायत. नवरामुलगा हळदीने माखलेला, आधी गंभीर, मग अवघडलेला, मग त्याला हसू आवरेना, आणि त्याच क्षणी आत्याने दुसऱ्यांदा बटण दाबलं.

"पयला फोटो मान्सू देतो," ती मला नंतर म्हणाली, "दुसरा मी घेते."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण माझ्या बाबांच्या बाबतीत तिने नेमकं हेच केलं.

पण त्याआधी लाल दोऱ्याचं सांगते. तिच्या सगळ्या पाट्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. त्यातली एक कागदी पाकिटात, वरून लाल दोरा गुंडाळलेली. एकदा मी सहज ती उचलली, तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली. लहान पोराला मारतात तशी, चटकन!

"ती नको. ती माज्या म्हाताऱ्याची हाय."

तिचा नवरा आम्ही यायच्या आधीच गेला होता. हा ठोकळाही मूळ त्याचाच. जमिनीचा पहिला पैसा आला तेव्हा भावांनी गाड्या बुक केल्या आणि याने गावातला पहिला डिजिटल कॅमेरा आणला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आत्याने कॅमेरा आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला तो त्याचाच फोटो काढायला, कुठल्याशा हळदीत. तो फोटो त्या पाटीत होता.

"मग बघत का नाहीस?" मी विचारलं.

"नाय बगत," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. जगाला ओट्यावर बसवून फोटो दाखवणारी ही बाई स्वतःच्या नवऱ्याचा फोटो बघत नाही, हे मला काही पटलं नाही. पण मनगट चुरचुरत होतं, मी वर निघून आले.

आता बाबा. माझे बाबा चिपळूणकडच्या एका गावात हेडमास्तर होते. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावणारे. फोटोत हसणं त्यांना मान्यच नव्हतं, कारण समोरचा एक दात तरुणपणीच पडला होता आणि खोटा बसवायला ते तयार नव्हते. त्यामुळे प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटलेले. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते कुणाच्या तरी दिवसांना आल्यासारखे उभे आहेत. स्वतःच्या तपासण्यांसाठी, आईला घेऊन, ते आमच्याकडे राहायला आले, आणि दुसऱ्याच दिवशी आत्याने त्यांना ओट्यावर गाठलं.

"मास्तर, बसा. फोटो काडते."

बाबा बसले. ताठ. ओठ मिटून. आत्याने बटण दाबलं. खर्रर्र. बाबा हलले नाहीत. ठोकळा थांबेना. बाबांनी डोळे फिरवून आईकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि म्हणाले, "अहो बाई, फोटो काढताय की दळण?"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसले! माझे बाबा! तोंड उघडून, त्या पडक्या दातासकट, खांदे गदगदा हलवत. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं असेन तर मला आठवत नाही. आत्याने दुसऱ्यांदा बटण दाबलं.

त्यानंतर दोन महिन्यांत बाबा गेले.

तेराव्याला आत्या वर आली आणि आईच्या हातात ती पाटी ठेवली. "वयनी, पाटी तुजी, मशीन माजी. बगाचा असल तवा खाली ये." मला तिथेच बोलायचं होतं, की आता तरी तुझे नियम बाजूला ठेव गं बाई, एक प्रिंट काढून दे. पण आईने ती पाटी दोन्ही हातांत अशी धरली होती की मी चहा टाकायला आत गेले.

आई मग आमच्याकडेच राहिली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ती पुढे ढकलत होती. दर गुरुवारी दुपारी जिना उतरून खाली जायची. गुरुवारी आत्याकडे मासळी नसायची, त्यामुळे तिची दुपार मोकळी. दोघी ओट्यावर बसायच्या, आत्या ठोकळ्यात पाटी सारायची, आई बघायची, आणि वर येऊन निमूट दिवाबत्तीला लागायची. आठवडाभर ती पाटी कुठे असायची? देवघरात. नवऱ्याने ठाण्याहून तयार देवघर आणलं होतं, दोन छोटी दारं, बंद केली की टक्कन चिकटायची. दाराच्या आतच, बाजूच्या फळीला टेकवून आईने पाटी उभी केली होती. रोज तिला फूल.

मी म्हटलं, "आई, गेलेल्या माणसाचे फोटो देवात ठेवत नाहीत ना?"

"फोटो कुठाय?" आई म्हणाली. "काही दिसतंय का त्यात? ही पाटी आहे. दसऱ्याला पाटीपूजन करत नाही आपण?"

मग एके सकाळी आत्या स्क्रूड्रायव्हर घेऊन आमच्या दारात. विचारणं नाही, पुसणं नाही, सरळ देवघरापुढे बसली, दारांमागचे चुंबक काढले आणि त्यांच्या जागी पितळी कडी ठोकली. "याचा टकटक खाली माज्या डोसक्यात वाजतो." जाता जाता माझ्या फ्रिजवरची आंबा, केळं, पपई अशी सगळी चुंबकाची फळं ओरबाडून ओटीत घातली. मी हादरलेच. भाडेकरू म्हणजे काय हिचे गडी? मी तणतणत होते आणि आई म्हणाली, "जाऊ दे गं. कडी छान आहे."

त्याच सुमाराला आत्याने आणखी एक धक्का दिला. आईला म्हणाली, "तुजी पाटी देवापाशीच राहू दे वयनी, जिन्यावरून नेताना पडशील. मी तिची दुसरी पाटी करून ठेवलीय. नुसती ये आनि बग." म्हणजे नकल! जिने फोटोचा फोटो काढला म्हणून माझा मोबाईल तांदळात गाडला, तिने स्वतः नकल केली? मला वाटलं, चला, म्हातारपणी माणूस मऊ होतो.

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मला तो फोटो मोठा करून, फ्रेम करून आईला द्यायचा होता. आत्याला विचारायची सोय नव्हती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडे लॅपटॉपला जोडायचं फ्लॉपीचं यंत्र निघालं, ते तो घेऊन आला. गुरुवारी मी रजा टाकली. आई खाली गेल्यावर देवघराची कडी काढली, पाटीवरचं फूल बाजूला ठेवलं, आणि पाटी यंत्रात घातली.

लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करायची का?

मी काढून परत घातली. तेच. फुंकर मारून घातली. तेच. मी पलंगावर बसलेच. बाबांचं अख्ख्या आयुष्यातलं एकुलतं एक हसू, आणि यंत्र मला विचारतंय, पुसू का? मग आठवलं, आत्याने दुसरी पाटी केलीय. देवा, वाचलो! पाटी हातात घेऊन मी धडाधड जिना उतरले.

ओट्यावर दोघी टेकून बसल्या होत्या. ठोकळा आईच्या मांडीवर. मी मागून वाकून पडद्यात बघितलं.

पडद्यावर माझे बाबा नव्हते. कोणीतरी भलताच पुरुष होता! काळा, रुंद, गालांवर हळद फासलेली, कानात सोन्याची बाळी, आणि सगळेच्या सगळे पांढरेशुभ्र दात दाखवत हसत होता.

"बग वयनी," आत्या म्हणत होती, "कसा हासतंय!"

"हो ना," आई म्हणाली. "किती छान हसतायत."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या पायाशी बिस्किटाचा डबा उघडा होता. शेजारी रिकामं कागदी पाकीट, आणि त्यावर सुटून पडलेला लाल दोरा.

आई वर गेल्यावर मी आत्याला दंडाला धरून मागच्या टाकीपाशी नेलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही. लाज नाही वाटत, एवढं मात्र आठवतं. माझ्या आईला परका पुरुष दाखवतेस?

"परका कुटला? माजा नवरा हाय."

"अगं पण तिचा नाही ना!"

आत्या टाकीच्या कठड्यावर बसली. तिला असं खाली मान घालून बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिने सांगितलं. एका गुरुवारी आईने नेहमीसारखी पाटी आणली, हिने ठोकळ्यात घातली, तर आत काही नाही. कोरी. आई शेजारी बसलेली, चष्मा पुसत. आत्या म्हणाली, बॅटरी उतरली वयनी, उद्या ये. रात्रभर तिच्या जिवाला चैन नाही. सकाळी काहीतरी निमित्ताने वर आली, तर आई पूजा करत होती, आणि देवघराचं दार टक्कन मिटलं. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटीला चुंबक चालत नाही. आणि बाबांची पाटी त्या चुंबकाला टेकून उभी होती, सकाळ-संध्याकाळ.

"वयनीला कसा सांगू गो मी?" आत्या म्हणाली. "तुज्या नवऱ्याचा हासना तूच पुसलास, देवापाशी ठेवून, तुज्या हातानं? जीव देल ती." तिने नाक ओढलं. "एक डोला तिचा तसा पन अधू. पडदा ह्यो एवडासा. मी म्हटला, हासनारा म्हातारा तो हासनारा म्हातारा."

मला रडू फुटलं. रागाचं होतं, बाबांचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचंही होतं. तिने आईला फसवलं नव्हतं, आईला स्वतःलाच दोष देत बसण्यापासून वाचवलं होतं, आणि त्यासाठी इतकी वर्षं बंद ठेवलेलं पाकीट सोडलं होतं.

"पण आत्या," मी म्हटलं, "तू तर ती पाटी बघत नाहीस ना?"

"नाय बगत." ती चटकन उठली. "मी वयनीला दाखवते."

आता माझी पंचाईत. आईला सांगायचं नाही, हे मी त्या टाकीपाशीच आत्याला कबूल केलं होतं. पण दर गुरुवारी माझी आई जिना उतरून भलत्याच माणसाकडे बघून "किती छान हसतायत" म्हणणार, आणि मी वर बसून भाजी निवडणार? पुढच्या गुरुवारी ती चपला घालायला लागली तर माझ्याने राहवेना. म्हटलं, आई, आज नको जाऊस. गुडघा दुखतोय ना तुझा.

आईने एक चप्पल घातलेली, दुसरी हातात.

"तुला कळलं वाटतं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"तो माणूस आपला नाही ते."

माझ्या हातातली भाजीची परडीच पडली. खोटं नाही सांगत.

"अगं, माझा एक डोळा अधू आहे, दुसरा चांगला धडधाकट आहे," आई खाली बसून मेथी गोळा करायला लागली. "आणि तुझ्या बाबांना समोरचा दात कुठे होता? सगळा संसार केला मी त्या फटीबरोबर. ह्या माणसाचं तोंड बघ, नुसता दातांचा कारखाना."

"मग... मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी बोलणार होते. म्हटलं विचारावं, आत्याबाई, आमच्यांचा फोटो गेला की काय? जुनी वस्तू, कधीतरी जाणारच." तिने मेथी परडीत टाकली. "तर तिच्याकडे बघितलं. ती मला बघ बघ म्हणत होती, पण बघत होती तीच. डोळ्याची पापणी लवत नव्हती. तेव्हा कळलं मला तो कोण ते. एकटीने तिच्याने तो फोटो बघवत नाही गं. मी खाली जाऊन शेजारी बसले की बघते."

"आणि तू?"

"मी कुठे त्या पडद्यात बघते? मी तिच्या तोंडाकडे बघते. तुझे बाबा हसले तेव्हा माझं तोंड असंच झालं असेल." तिने दुसरी चप्पल घातली. "तिला सांगू नकोस हां. आणि डब्यात चकल्या आहेत त्यातल्या चार दे बांधून, तिला आवडतात."

मी चकल्या बांधून दिल्या. देवघराच्या चुंबकाबद्दल आई काही बोलली नाही. मीही नाही. ते तिला कधीच कळू दिलं नाही आम्ही, एवढी एक लबाडी मात्र टिकली.

पुढे आम्ही टिटवाळ्याला स्वतःचं घर घेतलं. आत्याचं घर टॉवरसाठी गेलं, ती कुठल्याशा वरच्या मजल्यावर राहायला गेली. तरी तब्येत बरी असली की आई गुरुवारी कळव्याला जायचीच. मी म्हणायचे, फोन कर ना, व्हिडिओ कॉलवर बोला दोघी. आई म्हणायची, त्यात काय दिसतं?

आत्या अचानक गेली. दिवस झाल्यावर तिचा तो हळदीतला भाचा आमच्या दारात उभा, हातात पिशवी. पिशवीत करडा ठोकळा, आणि लाल दोरा गुंडाळलेलं पाकीट. "आत्यानं सांगून ठेवलेला, हे टिटवाल्याच्या वयनीला द्या. आमच्यातल्या कोनालाच नाय." पोरगा तेवढं बोलला आणि पिशवी पुढे केली.

आईने पिशवी घेतली. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. जेवणं झाली, भांडी झाली, दुपार कलली. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते, तर बाहेरून ओळखीचा आवाज आला. खर्रर्र.

बाहेर येऊन बघते तर आई गॅलरीत सतरंजीवर, मांडीवर ठोकळा, पुढ्यात सोडलेला लाल दोरा. पडदा उजळला होता आणि आईने त्यावर तळहात धरला होता, बघायचं नाही असा.

"किती वेळ घड्या घालतेस?" ती म्हणाली. "ये, बस इथे. हा एकटीने बघायचा नसतो."